वीस किलोचं पोर, गोळी मात्र मोठ्यांची

घरात ताप आला की आपला हिशेब ठरलेला. मोठ्याला अख्खी गोळी, छोट्याला अर्धी. एचआयव्हीच्या औषधांना हा हिशेब लावला, तर मात्र घोटाळा होतो.

डोल्युटेग्राविर हे आज उपचारातलं मुख्य औषध. ६० किलोच्या माणसाला त्याची दिवसाला ५० मिलिग्रॅमची एक गोळी. आणि २० किलोच्या मुलाला? तीच! म्हणजे किलोमागे तिप्पट डोस.

असं का? तान्ह्या बाळाच्या यकृतात औषध मोडणारी एन्झाइम्स अजून नीट कामाला लागलेली नसतात, त्यामुळे औषध साचतं. वर्ष-दोन वर्षांत चित्र पालटतं. वजनाच्या मानाने मुलाचं यकृत आता मोठ्यांपेक्षा भराभर औषध संपवतं. म्हणून डोस वजनाच्या गटांवर ठरतो: ३ ते ५.९ किलो, ६ ते ९.९ किलो, असं पुढे. मूल वाढलं आणि डोस तोच राहिला, तर औषध कमी पडतं आणि व्हायरस त्याला दाद देईनासा होतो.

एका औषधाने भागत नाही, म्हणून सहसा तीन एकत्र देतात. त्यांचंही आपसात राजकारण असतं. लोपिनाविर एकटं दिलं तर यकृत ते लगेच मोडून टाकतं. मग सोबत थोडं रिटोनाविर देतात. ते एन्झाइमला अडवून धरतं आणि लोपिनाविर रक्तात टिकतं. टीबीचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं. ते यकृताला जास्त एन्झाइम्स बनवायला लावतं. म्हणून टीबीही असेल, तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

आता चवीचं बघा. लोपिनाविरचं जुनं सिरप भयंकर कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, आणि ठेवायला फ्रिज हवा. गोळी कुटून दिली तर जवळपास निम्मं औषध वाया. यावर तोडगा काढणाऱ्यांत आपल्या मुंबईची सिप्ला होती. याच कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला आणि जगाला चकित केलं. २०१९ मध्ये तिने डीएनडीआय या संस्थेसोबत मुलांसाठी चार औषधं एकत्र असलेली, स्ट्रॉबेरीच्या चवीची पूड जाहीर केली. फ्रिजची गरज नाही, जेवणावर भुरभुरवायची. तळ्यासारख्या डोंगरातल्या तालुक्यात, जिथे हायवे गाठायलाच आधी इंदापूरला उतरावं लागतं आणि पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे फ्रिज न लागणं किती मोलाचं, हे तळेकरांना वेगळं सांगायला नको.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? भारतात मुलांसाठी मोफत एचआयव्ही उपचार योजना ३० नोव्हेंबर २००६ ला सुरू झाली. तेव्हा दोन-तीन वर्षांची असलेली पोरं आज विशीत आहेत. कॉलेजात आहेत, कदाचित तुमच्याच बेंचवर. त्यांची गोळी रोज ठरलेल्या वेळी पोटात जायला हवी. पण कुणी बघेल या धास्तीने ट्रिपमध्ये, हॉस्टेलवर ती चुकते. इतकं सगळं विज्ञान तिथे हरतं.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी आहे आणि स्वतःचं स्टेटस सांगायची सक्ती कुणावर नाही. आपल्याकडून एवढंच होऊ शकतं: कुणी गुपचूप गोळी घेताना दिसलं, तर ‘कसली रे?’ विचारू नका. पाण्याची बाटली पुढे करा आणि गप्पा चालू ठेवा.