तंबू ठोकण्यापूर्वी तिथी पाहा : सागरकिनारी कौटुंबिक मुक्काम आणि भरती-ओहोटीचे गणित

गरौठा (झाशी) : बेतवा आणि धसान या नद्यांच्या परिसरातील गरौठा तालुक्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या भागाचे कोकणकिनाऱ्याशी असलेले नाते जुने आहे. पेशवाईत बुंदेलखंडाचा कारभार सांभाळणारे गोविंदपंत खेर, अर्थात गोविंदपंत बुंदेले, मूळचे रत्नागिरीजवळच्या नेवरे या किनाऱ्यालगतच्या गावचे. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव कोट हेही रत्नागिरी जिल्ह्यातच, लांजा तालुक्यात येते. गरौठा तालुक्यातील गुरसरायची जहागीरही मराठी घराण्याकडेच होती. आज झाशीहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसने थेट रत्नागिरी गाठता येते. त्यामुळे हिवाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह किनाऱ्यावर तंबूत राहण्याचा बेत आखणे येथील कुटुंबांना अवघड राहिलेले नाही. मात्र नदीकाठचा अनुभव समुद्रकाठी जसाच्या तसा लागू पडत नाही, ही गोष्ट निघण्यापूर्वीच ध्यानात घेणे आवश्यक आहे.

नदी आणि समुद्र यांतील फरक

हिवाळ्यात बेतवेच्या काठी सायंकाळी जेथे पाणी असते, तेथेच ते साधारणपणे सकाळीही असते. पातळी वाढते ती पावसाळ्यात किंवा वरच्या धरणातून पाणी सोडल्यावर. समुद्राचे तसे नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे कोकणकिनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजेच कालची वेळ आज उपयोगी पडत नाही.

पाण्याच्या पातळीतील हा फरक सर्वत्र सारखा नसतो. खंबातच्या आखातात तो दहा मीटरच्या घरात जातो, मुंबईला उधाणाच्या वेळी सुमारे पाच मीटर असतो आणि दक्षिणेकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यापर्यंत कमी होत जातो. परंतु उतार मंद असलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर दोन मीटरचा फरकही पाण्याची कड कितीतरी पुढे आणतो.

पाऊणपटीचा नियम

कोकणातील जाणती माणसे भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. दुपारी तीनच्या सुमारास एक आणि पहाटे तीननंतर दुसरी. अष्टमीला हीच वेळ सहाची येते आणि ओहोटी बाराच्या सुमारास लागते. शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांना हा नियम सारखाच लागू आहे.

आता पौर्णिमेचा हिशेब पाहावा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते. म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येला पूर्ण भरती दुपारी व रात्री साधारण सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते, तर ओहोटी सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास असते. शिवाय या दिवसांत सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येत असल्याने भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाणाची भरती म्हणतात. तिचा जोर पुढील एक-दोन दिवसही टिकतो. याउलट अष्टमीच्या आसपास येते ती भांगाची भरती. तिचा चढ-उतार कमी असतो.

नवख्या कुटुंबाची फसगत नेमकी येथेच होते. चांदण्या रात्रीच्या ओढीने मुक्कामासाठी बहुधा पौर्णिमा निवडली जाते. सायंकाळी सूर्यास्ताला किनाऱ्यावर पोहोचताच ओहोटीमुळे उघडी पडलेली विस्तीर्ण, सपाट वाळू दिसते आणि पाण्याजवळ तंबू ठोकण्याचा मोह होतो. मुले झोपी गेल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, त्याच जागी महिन्यातील मोठ्या भरतींपैकी एक भरती येते.

जागा कशी ओळखावी

पाऊणपटीचा नियम हा अंदाज आहे. वारा, खाडीचे मुख आणि स्थानिक भूरचना यांमुळे त्यात फरक पडतो. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची वेळापत्रके, तसेच हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे उंच लाटांविषयीचे इशारे पाहणे आवश्यक ठरते.

किनारा स्वतःही खुणा सांगत असतो. वाळूवर काटक्या, शिंपले आणि कचरा यांची ओळ दिसते, ती अलीकडच्या भरतीची कड. मात्र भांगाच्या दिवसांतील ओळीवर विसंबून पुढे येणाऱ्या उधाणाचा अंदाज बांधू नये. त्याहून वर वाळूवर पसरलेली, जांभळट फुलांची मर्यादवेल आढळते. नावाप्रमाणेच ती नेहमीच्या लाटांची मर्यादा दाखवते. तंबू या वेलीच्या पलीकडे, उंचवट्यावर असावा, पण वेल तुडवू नये, कारण तीच वाळू धरून ठेवते. खाडीच्या मुखाशी, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, कड्याखाली आणि नारळाच्या झाडाखाली मुक्काम टाळावा.

शांत दिसणारे पाणी

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या दिवशी कोणतेही वादळ नव्हते. किनाऱ्याकडे आलेले लाटांचे पाणी अरुंद पट्ट्यांतून वेगाने समुद्राकडे परतते. या पट्ट्यात लाटा कमी फुटत असल्याने तेथील पाणी शांत भासते आणि अनेकदा तेच स्नानासाठी निवडले जाते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे थेट पोहण्याचा अट्टहास करू नये. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे, ते न जमल्यास तरंगत राहून मदतीसाठी हात उंचावावा. काठावरील व्यक्तीने पाण्यात उडी न घेता दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी आणि ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. समुद्रातील शोध व बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. ओहोटी सुरू असताना, अंधारात तसेच स्थानिकांनी मनाई केलेल्या जागी मुलांना पाण्यात सोडू नये.

नियम आणि किनाऱ्याचे रहिवासी

समुद्रकिनारा ही मोकळी जमीन वाटली, तरी ती सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या कक्षेत येते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार पर्यटनाच्या तात्पुरत्या सुविधाही उच्चतम भरतीरेषेपासून किमान दहा मीटर अंतरावर असणे बंधनकारक आहे. कुटुंबाने आपला तंबू लावतानाही ग्रामपंचायतीची किंवा जागामालकाची परवानगी घ्यावी. गणपतीपुळे आणि तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने किंवा गावातील घरगुती निवास हे सुरक्षित पर्याय आहेत.

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे कोकणच्या वाळूत अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव त्यांच्या संवर्धनासाठी ओळखले जाते. तंबूजवळचे प्रखर दिवे आणि शेकोटी यांमुळे पिले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. म्हणून अशा किनाऱ्यांवर रात्री दिवे मालवणे हाच शिष्टाचार होय.

मुक्कामाचा काळ साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. पावसाळ्यात मच्छीमारही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या वेळी पर्यटकाने वाळूवर रात्र काढण्याचा विचारही करू नये. बेत ठरवताना रेल्वेच्या वेळापत्रकाबरोबर पंचांगही उघडावे आणि तिथीची पाऊणपट मांडूनच तंबूची जागा निश्चित करावी.