चेहऱ्याचं ऑपरेशन करायचंय? आधी चालू गोळ्या सांगा

शिरूर-दौंडकडे मुलीच्या निकाहची बोलणी सुरू झाली की नाक, डाग, रंग यांचीच चर्चा आधी होते. मग कुणीतरी ऑपरेशन सुचवतं. पण मुलीला ल्यूपस किंवा आमवात असेल, तर थोडं थांबा.

या आजारांत शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. तिला आवरायला स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट अशी औषधं देतात. स्टेरॉइडमुळे जखम उशिरा भरते, इन्फेक्शनची भीती वाढते. म्हणून काही जण स्वतःच गोळ्या बंद करतात. ही मोठी चूक! बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर बीपी घसरून जिवावर बेतू शकतं. कोणतं औषध चालू ठेवायचं, कोणतं थांबवायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

कोडही बहुधा याच प्रकारचा आजार. डाग साधारण वर्षभर वाढले नसतील, तरच त्यावर त्वचारोपण करतात.

दीनमध्ये हे चालतं का? लढाईत नाक गमावलेले सहाबी अर्फजा (रजि.) यांना नबी (स.) यांनी सोन्याचं नाक बसवायची परवानगी दिली होती. दोष दूर करणं वेगळं आणि नुसत्या हौसेखातर चेहरा बदलणं वेगळं, असं उलेमा सांगतात.

स्थळ मोडेल या भीतीने आपण आजार लपवतो. निदान सर्जनपासून तरी लपवू नका. पुण्याला दाखवायला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. आजार शांत नसेल, तर निकाहची तारीख गाठण्यासाठी ऑपरेशनची घाई नको.