पानातला इलेक्ट्रॉन आणि तणनाशकाची बाटली

बारामती-इंदापूरचा ऊस नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा आहे, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. उसातली साखर उन्हाच्या जोरावर तयार होते आणि ते काम पानांच्या पेशींतील हरितलवकांत चालते. हरितलवकाच्या आत नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या चपट्या पिशव्या असतात. त्यांना थायलॅकॉइड म्हणतात. प्रकाश अभिक्रिया घडतात त्या या पिशव्यांच्या पटलावर. ऊन पडले की तेथील हरितद्रव्य इलेक्ट्रॉन सोडते. त्याची जागा भरून काढण्यासाठी पाण्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. त्यातून एटीपी आणि एनएडीपीएच तयार होतात. त्यांच्या बळावर पुढे साखर बनते.

डॉक्टरने हे का सांगावे? कारण पॅराक्वाट हे तणनाशक नेमका हाच इलेक्ट्रॉन वाटेत पळवते आणि ऑक्सिजनच्या हवाली करते. त्यातून तयार होणारा सुपरऑक्साइड पेशींच्या आवरणांचा नाश घडवतो. म्हणूनच भर उन्हात फवारलेले तण काही तासांत माना टाकते.

आपल्या शरीरात हरितलवके नाहीत, पण एनएडीपीएच आहे. फुप्फुसाच्या पेशी पॅराक्वाट रक्तातून ओढून घेतात. तिथे ऑक्सिजनही भरपूर, त्यामुळे तेच चक्र पुन्हा पुन्हा फिरते. एरवी दम लागलेल्या रुग्णाला आम्ही आधी ऑक्सिजन लावतो. इथे तोही अगदी गरजेपुरता, जपून द्यावा लागतो. या विषावर उतारा नाही. युरोपीय संघात 2007 पासून त्याच्या वापराला परवानगी नाही.

सर्वांत फसवा असतो पहिला दिवस. तोंडात व घशात जळजळ होते, पण रुग्ण चालतो, बोलतो. 'बरा आहे' म्हणून घरचे थांबतात. पुढे मूत्रपिंडे बिघडतात आणि काही दिवसांत फुप्फुसे घट्ट होऊ लागतात. तोवर हाती फार थोडे उरते.

म्हणून तणनाशक पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. तहानलेला मजूर किंवा लहान मूल बाटली ओळखते, आतले औषध नाही. मूळ डबा कुलपात ठेवा. गळका पंप पाठीवर घेऊ नका. हातमोजे घाला, अंगावर जखम असेल तर फवारणी टाळा. अंगावर सांडले तर कपडे लगेच काढा, साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. थोडेसे जरी पोटात गेले, तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. डबा सोबत घ्या आणि त्रास सुरू होण्याची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठा. इथे तासातासाला किंमत आहे.