न बसणारा चतुर

गणपती गेले, पावसानं जरा उघडीप दिली की शाळेच्या पटांगणावर, माळावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. मुलांचं हे 'हेलिकॉप्टर' म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स, जगभर सर्वांत दूरवर पसरलेला चतुर.

तो ओळखायचा तर रंगाआधी वागणं बघा. गटाराकाठच्या एकाच काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसणारा नारिंगी चतुर वेगळा. पँटाला उन्हात सहसा बसतच नाही. पाण्यापासून कितीही लांब, हवेतल्या हवेत चिलटं टिपत फिरतो. दमला की फांदीला उभा लोंबकळतो. तेवढ्यात जवळ जाऊन पाहून घ्या: सोनेरी-पिवळं पोट, त्याच्या टोकाकडे पाठीवर काळे ठिपके, तांबूस डोळे आणि बुडाशी चांगलेच रुंद असलेले मागचे पंख. या रुंदीमुळेच तो पंख फारसे न हलवता वाऱ्यावर तरंगत राहतो.

ऑक्टोबरात हे चतुर मालदीवमध्ये प्रचंड संख्येनं उतरतात. त्या बेटांवर पृष्ठभागावर गोडं पाणी जवळपास नाहीच, मग ते येतात कुठून? तिथं राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी अनेक वर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये उत्तर मांडलं: ते भारतातून निघतात, उंचावरच्या वाऱ्यांनी पूर्व आफ्रिका गाठतात आणि पावसाळी वाऱ्यांबरोबर त्यांचे वंशज भारतात परततात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, तेही काही पिढ्यांनी मिळून! आपल्याकडे लोणावळ्याला थांबणारा अमूर ससाणाही याच सुमारास समुद्र ओलांडतो. वाटेत तो हे चतुर खात असावा, असंही अँडरसन यांनी सुचवलं.

मला मात्र अंतरापेक्षा त्याची घाई अधिक थक्क करते. मादी अंडी घालते पावसाच्या साचलेल्या पाण्यात. कधी गाडीच्या चकचकीत टपालाही पाणी समजते. डबकं आटायच्या आत पिल्लू मोठं व्हायला हवं, म्हणून अवघ्या पाच-सहा आठवड्यांतही त्याची वाढ पुरी होते. इतर कित्येक चतुरांना महिनोन्‌महिने लागतात. दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून हे पिल्लू भक्ष्य पकडतं, आणि त्यात डासांच्या अळ्याही असतात.

तेव्हा डबक्यात जळकं तेल ओतण्याआधी एकदा वाकून बघा. तळाशी सहा पायांचं, मोठ्या डोळ्यांचं मातकट पिल्लू दिसलं, तर तेल ओतू नका.