कानावरचं यंत्र की कानाच्या आतलं?

सासूबाईंना कमी ऐकू येऊ लागलं की घरची माणसं आधी ओरडून बोलतात, मग बोलणंच टाळतात. मैत्रिणींनो, तसं होण्यापूर्वी कान तपासून घ्या.

बहुतेकांचं काम साध्या श्रवणयंत्रानं भागतं. ते आवाज मोठा करून कानात सोडतं. शस्त्रक्रिया लागत नाही, झोपताना काढूनही ठेवता येतं.

पण कानाची नळी वारंवार सुजत असेल, यंत्राचा साचा सोसतच नसेल, तर मध्यकर्णात बसवायच्या यंत्राचा विचार करतात. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली. भूल देऊन बारीकसा कंपक ऐरण नावाच्या हाडाला जोडतात. बाहेरचा भाग कानामागे लोहचुंबकानं चिकटतो. नळी मोकळी राहते. मात्र खर्च मोठा, आणि बॅटरी इथंही लागतेच.

म्हणून आधी साधं यंत्र नेटानं वापरू द्या. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही नकोसा होतो, सवयीनं जमतं.