कडकन वाजलं म्हणून डोकं उतरलं?

‘मॅडम, मानमा शीर चढी गयी.’ डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच निदान सांगून मोकळा होतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. दाढी-कटिंगला गेलो तेव्हा मान मोडून घेतली, कडकन वाजली, दोन दिवस बरं होतं, आता पुन्हा चालू झालं. फिजिओथेरपिस्ट म्हणून सारंगखेड्यात हे ऐकते, तापीचा पूल ओलांडून दोंडाईच्याला गेले की तिथंही ऐकते. केळीच्या मळ्यात राबणारा सांगतो, शाळेतले गुरुजी सांगतात. मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या एका भाऊंनी सांगितलं, तेव्हा मात्र माझा आवाज चढला.

शीर कुठंही चढत नाही. मानेतल्या नसा मणक्यांमधल्या ठरलेल्या फटींतून निघतात आणि ठरलेल्या वाटेनं जातात. एकीवर दुसरी बसली, हिसक्यानं खाली उतरली, असं काही शरीरात घडत नाही. मणकाही झोपेत कूस बदलताना सरकत नाही. अपघातात खरोखर सरकतो तेव्हा ती सलूनच्या खुर्चीत बसवायची केस राहत नाही.

मग तो आवाज कसला? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते, तिचा हा आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ग्रेग कावचक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ओढून हे चित्रितच केलं. हाड जागेवर बसल्याचा हा आवाज नव्हे. बोटं मोडताना आपण ‘हाड बसलं’ म्हणत नाही, मग मान मोडली की लगेच का म्हणतो?

दोन दिवस बरं वाटतं हे मात्र खोटं नाही. सांधा ताणला गेला की भोवतालचे स्नायू तात्पुरते सैल पडतात आणि दुखण्याची जाणीव कमी होते. मुळातली अडचण तशीच राहते, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि त्या दोन दिवसांसाठी माणूस काय पणाला लावतो ते पाहा. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात आणि त्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. वरच्या दोन मणक्यांपाशी त्या वळणं घेत चढतात, आणि मान गर्रकन फिरवली की झटका नेमका तिथंच बसतो. आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होते, गुठळी वर गेली की पक्षाघात. पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीलाही हा धोका असतोच. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या एका तरुणाची बातमी आली होती. सलूनमध्ये डोक्याची मालीश, मग मानेला हिसका, आणि घरी जाईपर्यंत बोलणं अडखळलेलं. २०१७ मध्ये दिल्लीच्या एका गृहस्थाच्या बाबतीत श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसांनाच इजा झाली होती. त्या नसा मानेतूनच निघतात. असं रोज घडत नाही, क्वचितच घडतं. पण ज्याचं घडतं त्याला ‘क्वचित’ या शब्दाचा काय उपयोग? त्यातही मेख अशी की रक्तवाहिनीचं अस्तर फाटायला लागल्याचं पहिलं लक्षणच कधीकधी मान आणि डोकं दुखणं हे असतं. म्हणजे ज्यानं मानेला हातही लावून घ्यायचा नाही, तोच मोडून घ्यायला जाऊन बसतो. यात सलूनवाल्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. ‘जरा जोरात मोड रे भाऊ’ असं आपणच म्हणतो.

एवढं रागावून झाल्यावर हेही सांगायला हवं की मानेमुळे डोकं दुखतं, ही गोष्ट खरी आहे. नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार स्योस्टा यांनी १९८३ मध्ये या दुखण्याला ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’ असं नाव दिलं. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची संवेदना नेणारी नस, या सगळ्यांचे निरोप मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठाण्यावर पोचतात. निरोप नेमका कुठून आला याचा तिथं घोळ होतो. दुखतो मानेचा वरचा सांधा, आणि माणूस डोळ्यामागं बोट ठेवून दाखवतो. हे दुखणं बहुधा एकाच बाजूचं असतं, मानेपासून सुरू होऊन पुढं येतं, मान एका विशिष्ट दिशेला वळवली की वाढतं आणि त्या बाजूला मान नीट वळतही नाही.

पण म्हणून प्रत्येक डोकेदुखी मानेचीच, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज झाला. नॉर्वेतल्याच एका पाहणीत हे दुखणं ४.१ टक्के लोकांत सापडलं, तर कडक निकष लावलेल्या दुसऱ्या पाहणीत केवळ ०.१७ टक्के. बहुतेकांची डोकेदुखी अर्धशिशीची किंवा ताणाची असते. आपल्याकडे अर्धशिशीला ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात, उलटी काढली की बरं वाटतं, म्हणून. आणि अर्धशिशीतही मान आखडते. अमेरिकेतल्या अ‍ॅन कॅल्हून यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की अर्धशिशीच्या रुग्णांत मळमळीपेक्षा मानदुखीच अधिक वेळा आढळते. तेव्हा मान दुखते एवढ्यावरून दोष मानेवर ढकलता येत नाही.

मग ओळखायचं कसं? इथं लोक एक्स-रेचं पाकीट पुढं करतात. ‘गॅप कमी झालाय’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते त्यांनी मनाला लावून घेतलेलं असतं. जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले. ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली गादी फुगलेली निघाली, विशीतल्यांतही बहुतेकांची. ही पाहणी २०१५ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात आली. शिवाय झीज बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या-सातव्या मणक्यांच्या आसपास दिसते, आणि डोकेदुखी येते ती वरच्या तिघांकडून. म्हणजे फोटोत जे दिसतं त्याचा तुमच्या डोक्याशी संबंध असेलच असं नाही. दत्तजयंतीला आमच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक नुसता फोटो बघून पैसे मोजत नाही. दात बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. मानेचंही तसंच, हलवूनच बघावी लागते.

ती अशी. पेशंटला उताणं झोपवायचं, मान पूर्ण पुढं वाकवून हनुवटी छातीकडे आणायची आणि त्याच स्थितीत डोकं हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचं. मान वाकवल्यामुळे खालचे सांधे जखडतात आणि फिरतात ते मुख्यतः वरचे दोन मणके. निरोगी मान दोन्हीकडे सुमारे ४४ अंश फिरते. एका बाजूला ती तिशीच्या आसपासच अडली आणि तिथं ओळखीचं दुखणं जागं झालं, तर मानेवर संशय घ्यायला जागा आहे.

उपचाराबद्दलचा समज तर विचारूच नका. ‘फिजिओ म्हणजे शेक आणि करंट.’ शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, खुशाल घ्या. पण दहा दिवस नुसतं मशीन लावून कुणी घरी पाठवत असेल तर मुख्य काम झालेलंच नाही. ऑस्ट्रेलियात ग्वेन जुल आणि सहकाऱ्यांनी मानेच्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांचे चार गट केले. एकाला हातानं सांधे मोकळे करण्याचे उपचार, दुसऱ्याला विशिष्ट व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. उपचार सहा आठवडे चालले. २००२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की हाताचे उपचार आणि व्यायाम, दोहोंनीही डोकेदुखीच्या खेपा आणि तीव्रता कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता.

तो व्यायाम पाहून लोक हिरमुसतात, कारण त्यात घाम येत नाही. उताणं झोपायचं, मानेखाली हवेची एक छोटी पिशवी, तिला बीपीच्या यंत्रासारखी तबकडी जोडलेली. काटा २० वर ठेवायचा आणि ‘हो’ म्हणताना मान हलते तेवढीच हनुवटी हलवून तो २२ वर न्यायचा, मग २४ वर, असं करत ३० पर्यंत. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं. हे करताना गळ्याच्या दोन्ही बाजूंचे जाड स्नायू दोरीसारखे वर आले तर चुकलं, कारण काम आतल्या बारीक स्नायूंचं आहे आणि बाहेरचे दांडगे ते हिसकावून घेतात. केळीचे घड खांद्यावर टाकून ट्रक भरणारा गडी २४ वर थरथरायला लागतो आणि माझ्याकडे असा बघतो की मीच काहीतरी लबाडी केली. अंगात ताकद असली म्हणजे मानेच्या आतल्या स्नायूंत ती असतेच असं नाही. घरी पिशवी नसली तरी टॉवेलची घडी चालते, आणि रोज करावं लागतं. औषधाची गोळी घ्यावी तितक्या नेमानं लोक ते करत नाहीत, ही माझी कायमची रड.

मोबाईलचं भूतही उतरवून टाकू. ‘६० अंश मान वाकली की २७ किलो भार पडतो’ हे चित्र तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं असेलच. ते न्यूयॉर्कच्या एका सर्जननं २०१४ मध्ये संगणकावर मांडलेलं गणित आहे. कुणाच्या मानेत मोजलेलं नाही, आणि भार म्हणजे इजाही नव्हे. ब्राझीलमध्ये १५० तरुण-तरुणींना तपासलं तेव्हा मोबाईल बघतानाची वाकलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही. तासन्‌तास एकाच स्थितीत राहणं मात्र नडतं, मग ती कितीही ताठ असो. कापूस वेचणं असो की टेबलावरचं काम, अधूनमधून मान हलवा.

राहिलेले गैरसमज थोडक्यात. गळ्यात पट्टा घालून महिनोन्‌महिने फिरल्यानं मान बरी होत नाही, उलट स्नायू आळसावतात. उशी काढून टाकली की डोकं दुखायचं थांबतं असं नाही. झोपेत मान अवघडणार नाही एवढी उंची पुरे. मागचं डोकं दुखतं म्हणजे बीपी वाढलं, हेही नेहमी खरं नसतं. बीपी फारच चढलं, साधारण १८०-१२० च्या वर, तेव्हाच त्यानं डोकं दुखू शकतं. बाकी वेळी बीपी मुकाट्यानं वाढतं, म्हणून डोकं दुखो न दुखो, ते मोजायला हवं. आणि दुकानातून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, असे तीन-चार महिने चालली, तर ती गोळीच डोकेदुखीचं कारण बनते.

काही डोकेदुख्यांत मात्र माझ्याकडे यायचंच नाही, थेट इस्पितळ गाठायचं. वीज पडावी तशी एकाएकी सुरू झालेली, तापासोबत मान ताठ करणारी, पडल्या-आपटल्यानंतरची, बोलणं जड करणारी किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पाडणारी, गरोदर बाईची आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेली. नंदुरबार जिल्ह्यासाठी त्यात एक भर घालते. इथं सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि या आजारात लहान वयातही पक्षाघाताचा धोका असतो. सिकलसेल असलेल्या पोराचं डोकं अचानक जोरात दुखायला लागलं तर मालीश नको, शेक नको, फिजिओही नको. गाडी जिल्हा रुग्णालयाकडे वळवा आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की पोराला सिकलसेल आहे.