हिवाळ्याचा मुलूख (भाग ५) : घाटाखालचा गारठा

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेलं आहे. आसपासच्या तालुक्यांतले लोक त्याला थंड हवेचं गाव म्हणतात, आणि मे महिन्यात अकोल्याहून किंवा मलकापूरहून वर आलेल्या माणसाला ते पटतंही. मग हिवाळ्यात सगळ्यात कडक थंडी इथेच पडत असणार, असं कुणालाही वाटेल. पण डिसेंबर-जानेवारीत हवामान खात्याचा विदर्भाचा रोजचा तक्ता पाहत राहिलं, की चित्र वेगळंच दिसतं. उत्तरेचं वारं सुटून आभाळ निवळलं, की किमान तापमानाच्या यादीत नागपूर, गोंदिया आणि अनेकदा अकोलाही बुलढाण्याच्या खाली असतं. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. नागपूरची उंची मात्र जेमतेम ३१० मीटर, म्हणजे बुलढाण्याच्या निम्मीही नाही.

हे कोडं समजायला जिल्हा डोळ्यांसमोर आणावा लागतो. इथला माणूस आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतो : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. मधे राजूरचा घाट आणि बोथ्याचा घाट. खाली पूर्णेचं सपाट, काळ्या मातीचं खोरं आणि त्याच्या पलीकडे सातपुड्याची भिंत. बुलढाणा आणि मलकापूर यांच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. हवा वर जाताना किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबानं बुलढाणा मलकापूरपेक्षा अडीच अंशांनी गार असायला हवं. भर दुपारी ते असतंच. रात्री मात्र हा हिशेब उलटा फिरतो.

हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडत जाते. ढग असते तर त्यांनी ती अडवून काही प्रमाणात परत खाली पाठवली असती. ढग नाहीत, हवा कोरडी, वारा पडलेला, अशा वेळी जमीन झपाट्यानं निवते आणि तिला टेकलेली हवाही निवते. गार हवा जड असते. ती ओढ्याच्या पाण्यासारखी उतार धरून खाली सरकते आणि खोलगट जागी जाऊन साचते. डोंगरउतारावरच्या गावातून ती निसटून जाते, खोऱ्यातल्या गावावर मात्र मुक्कामच करते. शाळेच्या भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हटलेलं असतं. हिवाळ्याच्या पहाटे राजूर घाटातून खाली उतरणाऱ्या एसटीच्या प्रवाशांना ती अंगावर कळते. घाटमाथ्यावर चांदण्या स्वच्छ दिसत असतात आणि पायथा जवळ येऊ लागला की काचांवर धुकं चढतं.

महाराष्ट्रात याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण महाबळेश्वरचं. दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या बहुधा वेण्णा तलाव आणि लिंगमळा या खोलगट भागातून. त्याच पहाटे बाजारपेठेतला पारा काही अंश वर असतो. महाबळेश्वरला ते बघायला पर्यटक गाड्या करून जातात. पूर्णेच्या खोऱ्यात हीच गोष्ट शेतकऱ्याच्या अंगावर आणि पिकावर येते, आणि तिची बातमी सहसा होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. हरभऱ्याचं झाड वीतभर-हातभर उंचीचं. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक गार असू शकते. त्यामुळे पेपरात आठ अंश छापून आलेलं असताना कुणी शेतकरी ‘आमच्या बांधावर दहिवर गोठलं होतं’ असं सांगत असेल, तर त्याला खोटं ठरवण्याची घाई करू नये.

थंडीची लाट कशाला म्हणायचं याचे हवामान खात्याचे नियम आहेत. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त घसरलं, तर थंडीची लाट, घसरण ६.४ अंशांच्याही पुढे गेली तर तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी बघायचीही गरज नाही. नियम योग्यच आहेत. पण लाट जाहीर होण्याच्या कितीतरी आधी घाटाखालच्या माणसाची थंडीशी गाठ पडलेली असते, आणि त्याला कारण आहे ओलीत.

पाऊस संपला की हरभरा आणि गहू यांना पाणी द्यायचं ते विहिरीवरच्या किंवा बोअरवरच्या मोटारीनं. मोटारीला थ्री फेज वीज लागते आणि शेतीच्या वाहिन्यांवर ती वर्षानुवर्षं पाळीपाळीनं मिळत आली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ‘या आठवड्यात रातची लाइन आहे’ हे वाक्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावागावात ऐकू येतं. रात्री उशिरा लाइन येणार, म्हणून माणूस जेवून शेतात जातो. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर नाही तर कानटोपी, हातात बॅटरी. स्प्रिंकलरचा एक संच काही तास चालला की पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात जोडायचे. ओल्या हरभऱ्यातून चालत जायचं, पाण्यानं भरलेले पाइप खांद्यावरून रिकामे करायचे, नोझलमध्ये अडकलेला कचरा बोटांनी काढायचा. गुडघ्यापर्यंतचे कपडे पहिल्याच फेरीत भिजतात.

खरा धोका या भिजण्यात आहे. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. कोरड्या कपड्यांत दहा अंश तापमान सहज निभावतं. ओल्या कपड्यांत, उघड्या शिवारात, पहाटे तीन वाजता तेच दहा अंश म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा ताण वाढतो. म्हणून बांधावरच्या शेकोटीइतकाच महत्त्वाचा आहे कोरड्या कपड्यांचा दुसरा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलेला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट साप आणि विंचवापासून वाचवतात आणि पायही कोरडे ठेवतात.

काळोखात आणखीही सोबती असतात. बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, तीन हजार किलोमीटर भटकलेला प्रसिद्ध वाघ २०१९ च्या अखेरीस इथेच येऊन थांबला होता. पण इथल्या शेतकऱ्याला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. अस्वलाला माणसाची चाहूल उशिरा लागते आणि दचकलं की ते थेट अंगावर येतं. ज्ञानगंगेच्या कडेनं आणि सातपुड्याच्या पायथ्यानं अस्वलांच्या हल्ल्यांत माणसं जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत.

म्हणून या भागात थंडीशी सामना करण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय घोंगडीत नाही, तर विजेच्या वेळापत्रकात आहे. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. उद्देश एकच, शेतीला दिवसा वीज. शेतावर बसवलेला सौरपंपही दिवसाच चालतो. ज्या शिवारात ही दिवसाची वीज खरोखर पोचली, तिथल्या घरात हिवाळ्याची रात्र पुन्हा झोपेसाठी मोकळी झाली. जिथे नाही पोचली, तिथे ती पोचवणं हे माणसं वाचवण्याचं काम आहे आणि ते त्याच तातडीनं व्हायला हवं.

अर्थात शेतकऱ्याला थंडी नकोशी नसते. गव्हाला फुटवे फुटायला थंडी लागते. हरभऱ्यालाही बेताचा गारठा मानवतो. बंगालच्या उपसागरावरून ढग येऊन रात्री उबदार झाल्या की घाटेअळी वाढते, म्हणून डिसेंबरातलं ढगाळ हवामान बघून इथे चेहरे उतरतात. पण गारठा फार झाला आणि दिवसाचं सरासरी तापमान पंधरा अंशांच्या खाली रेंगाळलं, तर हरभऱ्याची फुलं घाटे न धरताच गळतात. तुरीचा फुलोरा धुक्यानं गळतो. अशा रात्रींसाठी कृषी विद्यापीठं हलक्या पाण्याचा आणि शेताच्या कडेनं धूर करण्याचा सल्ला देतात. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि ती सावकाश सोडते. धुराचा थर जमिनीची उष्णता थोडी अडवतो, पण मुख्य म्हणजे आगीच्या उबेनं हवा ढवळली जाते आणि वरची उबदार हवा खाली येते. वारा असेल तर या धुराचा काहीच उपयोग होत नाही.

हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जी आंब जमते, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. सूर्य उगवायच्या आत पिकावर स्वच्छ फडकं फिरवून, पिळून ती गोळा करायची आणि पोटदुखीसाठी बाटलीत जपून ठेवायची, ही रीत अजून काही घरांत आहे. कोवळ्या पानांचा घोळाणा कांदा, तिखट आणि तेल घालून भाकरीबरोबर खाल्ला जातो. पण निंदणाला वाकलेल्या बायांच्या पायांना हीच आंब झोंबते. थंडीनं टाचा आधीच फुटलेल्या असतात. रात्री पाय कोमट पाण्यानं धुऊन, पुसून त्यावर कोकमतेल किंवा मेण घातलेलं तेल चोळायचं आणि मोजे घालून झोपायचं, एवढं केलं तरी दुसऱ्या दिवशीचं काम सुसह्य होतं.

कापूस वेचणाऱ्यांचाही दिवस दवावर ठरतो. बोंडं ओली असताना वेचलेला कापूस वजनाला भरतो, पण खामगावच्या बाजारात आर्द्रता मोजली की भाव पडतो. कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की कपात सुरू होते आणि बारा टक्क्यांपुढे माल घेतच नाहीत. म्हणून थंडीत वेचणी दव सुकल्यावर सुरू करायची. त्यातून वेचणारणीला सकाळचा एखादा तास मिळतो, मात्र किलोवर मजुरी असल्यानं तो तिच्या कमाईतून जातो.

घरांची गोष्ट थोडक्यात. जुनी धाब्याची घरं, म्हणजे पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती आणि मातीचं सपाट छत, दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवत. त्यांच्या जागी टिनाची घरं आली. पातळ पत्र्यात उष्णता साठत नाही. पहाटे श्वासातली वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब खाली टपकते. पत्र्याखाली चटया, गवत किंवा जुन्या पोत्यांचं छत बांधलं तर मधली बंद हवा आडोसा होते. गोठ्यालाही उत्तरेच्या बाजूनं पोत्यांचा पडदा लागतो. एक गोष्ट मात्र कुणीही करू नये : दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणं. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि झोपलेल्या माणसाला जाग येतच नाही.

सातपुड्याच्या कुशीत भिंगारा, गोमाळ, चाळीस टापरी अशा आदिवासी वस्त्यांत चूल हीच घराची ऊब असते. सिकलसेल आजार विदर्भातल्या आदिवासी समाजांत आढळतो आणि गारठा हे त्याच्या वेदनांना निमित्त ठरणारं एक मोठं कारण आहे. तपासणीत हा आजार आढळलेल्या मुलाला गार पाण्यानं आंघोळ घालू नये, भरपूर पाणी प्यायला द्यावं आणि अंग झाकलेलं ठेवावं, हा निरोप अशा पाड्यांवर थंडीच्या आधी पोचला पाहिजे.

घाटावरची गंमत बघायची तर लोणारला. उल्कापातानं झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि २०२० पासून त्याला रामसर स्थळाचा दर्जा आहे. त्याच्या कडेला धारातीर्थावर गोमुखातून बारा महिने धार पडते. हिवाळ्याच्या पहाटे ही धार कोमट लागते, मेमध्ये गार. पाणी तेच असतं. भूगर्भातल्या पाण्याचं तापमान वर्षाच्या सरासरीच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतं, बदलते ती बाहेरची हवा. पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात त्याही याच कारणानं, आणि ओलीत करणारा माणूस पाइपच्या तोंडाशी हात धरतो तोही म्हणूनच.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत केळी आणि संत्री आहेत. केळ हे उष्ण प्रदेशातलं पीक. पारा बारा अंशांखाली राहू लागला की नव्या पानांची वाढ थबकते, पानं पिवळी पडून चरका दिसतो, घड नीट निसवत नाही. बागेभोवती शेवरीसारखं वाराविरोधक कुंपण, घडावर पिशवी आणि शक्यतो रात्रीऐवजी पहाटे विहिरीचं ताजं पाणी, एवढं शेतकऱ्याच्या हातात असतं. पुढचा आधार विम्याचा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाचा धोका धरलेला आहे, आणि नुकसान बागेत येऊन कुणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा बघून भरपाई ठरते. केंद्र गावठाणाजवळच्या उंचवट्यावर असेल आणि बाग नदीकाठच्या सखल जमिनीत, तर एकाच पहाटे दोन्हीकडच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. यंत्रानं नऊ अंश नोंदवलेली रात्र बागेत सहा अंशांची असू शकते. केंद्रांच्या जागा ठरवताना आणि तपासताना मंडळातली सखल शिवारं लक्षात घेतली गेली आहेत का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायची वेळ नोव्हेंबराच्या आधीची आहे.

(पुढील आठवड्यात : निफाडची द्राक्षं आणि पहाटेच्या शेकोट्या)